सूप गाळू नका हो!

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत थंडीसाठी पौष्टिक सूप म्हणून जी रेसिपी आली ती वाचली आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. लिहू का नको असं चाललं होतं, पण काल पहाटे परत पारा उतरला आणि आमच्याकडे तीन वाजता गॅसवर पातेलं चढलं, तेव्हा म्हणलं आता लिहूनच टाकू.

रेसिपीत काय होतं, तर ब्रोकोली, सेलरी, एक स्टॉक क्यूब, दोन चमचे कॉर्नफ्लॉवर, वरून फ्रेश क्रीम. हे सगळं एकवेळ चालेल, ज्याला मिळतं त्याने घालावं. पण मला झोंबलं ते पुढचं. भाज्या शिजल्या की मिक्सरमधून काढा, बारीक गाळणीने गाळा आणि चोथा टाकून द्या म्हणे. अहो मग राहिलं काय? रंगीत पाणी राहिलं, ते घट्ट दिसावं म्हणून त्यात मक्याचं स्टार्च घातलं, चव यावी म्हणून मिठाची वडी घातली आणि नाव दिलं पौष्टिक. लग्नाच्या हॉलमध्ये गेटवर छोट्या कपात जे लालभडक टोमॅटो सूप देतात आणि वर तळलेल्या ब्रेडचे चार तुकडे टाकतात, तेच हे. ते प्यायलं की पाच मिनिटं बरं वाटतं आणि मग माणूस जेवणाची लाईन कुठंय ते शोधतो.

मी निफाड तालुक्यात राहते. डिसेंबर-जानेवारीत तुमच्या पहिल्या पानावर जी बातमी असते ना, निफाडला पारा इतक्या अंशावर, ती कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद असते आणि ते आमच्यापासून लांब नाही. म्हणजे थंडी काय चीज आहे ते आम्हाला पेपर वाचून कळत नाही 😄. आमची द्राक्षबाग आहे. पारा फार खाली गेला की मण्यांना तडे जातात, वेलीची वाढ थांबते, म्हणून पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात, धूर करतात, विहिरीचं पाणी सोडतात कारण ते पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कोमट असतं. अशा वेळी आमचे हे, पोरगा आणि दोन माणसं तीन वाजल्यापासून सात वाजेपर्यंत बागेत. त्यांना नुसता चहा किती वेळा देणार, चौथ्या चहाला पित्त होतं. तर मी सूप करते आणि मोठ्या थर्मासमध्ये भरून देते, पेल्यात ओतून तिथंच शेकोटीजवळ पितात. ते सूप गाळलेलं असतं तर पोरगा म्हणाला असता आई हे काय दिलं, तोंड धुवायला?

सासूबाईंचा किस्सा सांगते, विषय तोच आहे. मी नवीन नवीन सून म्हणून आले तेव्हा एकदा म्हणाले, आत्याबाई मी आज सूप करते. त्या अंगणात बसल्या होत्या, म्हणाल्या, अगं सूप बुरूड करतो, तू कशाला करतेस, आपल्याकडं दोन आहेत की पाखडायला! मग त्यांना सांगितलं की भाज्यांचं, प्यायचं सूप. केलं, आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे गाळलं. त्यांनी गाळणीतला तो सगळा गोळा बघितला आणि म्हणाल्या, आपलं सूप फोलपट उडवतं नि दाणा ठेवतं, तुझं सूप दाणा फेकतं नि पाणी ठेवतं. आज त्या नाहीत पण त्या दिवसापासून माझ्या घरात सूप गाळलं गेलेलं नाही. तो गोळा त्यांनी थालीपिठात घातला होता, चांगला लागला होता, हेही सांगून ठेवते.

आणि खरं तर आपल्याला सूप कोणी वेगळं शिकवायची गरज नव्हती. माझं माहेर सिन्नरच्या पूर्वेकडचं, पावसाची बोंब असलेला भाग. तिथं थंडीत हुलग्याचं माडगं व्हायचं, हुलगे भाजून दळून त्याचं पीठ पाण्यात शिजवायचं, लसूण जिरं मीठ, वाटीत घेऊन फुंकर मारत प्यायचं. आणि हुलग्याच्या शेंगोळ्या तर विचारूच नका, लसणाचा ठसका असलेल्या पातळ रश्श्यात वळलेल्या शेंगोळ्या शिजायच्या आणि तो रस्सा त्या पिठानेच दाट व्हायचा. कॉर्नफ्लॉवर कुणी बघितलं होतं. आजारी माणसाला मुगाचं कढण, कोकणात पेज, देशावर आंबील, मटकी उकडली की तिचा कट काढून आमटी. हे सगळं सूपच आहे की. फरक इतकाच की आपण त्याला हॉटेलच्या भाषेत स्टार्टर म्हणलं नाही, ते पोटभरीचं होतं.

माझी पद्धत आता नीट लिहिते, म्हणजे नुसती टीका केली असं नको व्हायला. सहा माणसांचं माप आहे.

अर्धी वाटी मुगाची डाळ आणि मूठभर मसूर धुवून अर्धा तास भिजत घालते. डाळ यासाठी की भाज्यांनी पोट भरल्यासारखं वाटतं पण टिकत नाही, मुगाच्या डाळीत शंभर ग्रॅमला साधारण २४ ग्रॅम प्रोटीन असतं, ती पडली की सूप जेवण होतं. मग भाज्या. लाल भोपळा पाव किलो, गाजरं दोन-तीन (थंडीत ती लांब लाल गाजरं येतात ना ती, केशरी नको, लाल गाजर गोड असतं), टोमॅटो तीन पिकलेले, मटार किंवा पावट्याचे दाणे एक वाटी, फ्लॉवरचे चार तुरे आणि त्याचे देठसुद्धा, देठ बारीक चिरायचे, टाकायचे नाहीत. नवलकोल मिळाला तर छान, त्याने गोडसर वास येतो. पालक एक छोटी जुडी नाहीतर मेथी मूठभर, मेथी जास्त घालू नका सगळं कडू होतं, मी एकदा हौसेने अख्खी जुडी घातली होती आणि ते सूप शेवटी मीच दोन दिवस प्यायले. मुळ्याचा पाला अजिबात नको, वास मारतो. बीट घातलं तर चवीला वाईट नाही पण भोपळा काय नि गाजर काय सगळं एकाच रंगाचं होतं, नातीला ते जांभळं सूप आवडतं, आम्हाला नाही.

पातेल्यात चमचाभर तूप, त्यात जिरं, आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून, इंचभर आलं, आणि एक मोठा कांदा बारीक चिरून. इथं घाई करायची नाही. सूपाची निम्मी चव या कांद्यात आहे, मंद गॅसवर दहा मिनिटं तरी परतायचा, लाल नाही करायचा पण मऊ आणि गोड झाला पाहिजे, लोक स्टॉक क्यूब घालतात ना ते या दहा मिनिटांचा कंटाळा म्हणून. ओली हळद मिळत असेल तर छोटा तुकडा किसून इथंच घालायचा, थंडीत बाजारात असते. मग टोमॅटो घालून गळेपर्यंत परतायचे. टोमॅटोच्या लाल रंगातलं लायकोपिन आणि गाजर-भोपळ्यातलं कॅरोटीन हे दोन्ही शिजवून आणि तूप-तेलाबरोबर घेतलं तर अंगी जास्त लागतं, म्हणून माझं डाएटवाल्यांना सांगणं की तो एक चमचा तूप वाचवू नका, वाचवायचंच असेल तर क्रीम वाचवा.

यानंतर भोपळा, गाजर, देठ, नवलकोल अशा कडक भाज्या आणि भिजलेली डाळ, सात पेले गरम पाणी, झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटं. कुकरला लावायचं तर दोन शिट्ट्या बास, पण मला पातेल्यातलं आवडतं कारण कुकरमध्ये सगळ्याची एकच चव होते. फ्लॉवरचे तुरे आणि मटार मात्र शेवटच्या दहा मिनिटांत, फ्लॉवर आणि कोबी जास्त शिजले की तो एक उग्र वास सुटतो, हॉस्टेलच्या मेससारखा, मग कितीही मिरपूड मारा जात नाही. पालक तर गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी.

आता घट्टपणा. डावभर शिजलेला भोपळा आणि डाळ पातेल्यातच रवीने घोटते, बाकीच्या फोडी तशाच राहू देते, म्हणजे पितापिता चावायलाही लागतं. आणि दोन मोठे चमचे बाजरीचं पीठ कोरडंच तव्यावर वास सुटेपर्यंत भाजून, गार पाण्यात कालवून (गरम पाण्यात कालवलं तर गुठळ्या होणार म्हणजे होणारच) ते उकळत्या सूपात हलवत हलवत सोडते. पाच-सात मिनिटं उकळू द्यायचं, नाहीतर कच्चं लागतं. बस, असं दाट होतं की चमचा जड लागतो आणि पोटाला चार तास आधार. बाजरीचं पीठ ताजं पाहिजे हां, जुनं पीठ कडू होतं आणि सूपही कडू करतं, आमच्याकडे आठवड्याचंच दळतो. ज्यांना बाजरी उष्ण पडते त्यांनी ज्वारीचं नाहीतर नाचणीचं घ्या. २०२३ साली भरड धान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून केवढा गाजावाजा झाला, पेपरात पानंच्या पानं आली, बाजरीचे केक, नाचणीच्या कुकीज, पण सूपात दोन चमचे पीठ घाला हे कुणी छापल्याचं मला तरी आठवत नाही.

मीठ सगळ्यात शेवटी, कारण सूप आटतं आणि आधीच चवीपुरतं घातलेलं शेवटी खारट होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि तोही लोणचं-पापड-भाकरी सगळं धरून. पाकिटाच्या सूपाच्या मागं बारीक अक्षरात सोडियम लिहिलेलं असतं ते एकदा चष्मा लावून वाचा. माझ्या सूपात मीठ कमी पडलं तरी लिंबू आणि ताजी कुटलेली मिरं ते सांभाळून घेतात. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळायचं, क जीवनसत्त्व उकळून जातं. वरून कांद्याची पात नाहीतर लसणाची हिरवी पात चिरून, थंडीत ती मिळते आणि तिची मजा कोथिंबिरीला येत नाही.

आता तुम्ही म्हणाल बाई गाळू नका म्हणते पण एक गोष्ट मीही गाळते, ती म्हणजे मटाराची टरफलं. ती धुवून, फ्लॉवरची कोवळी पानं आणि कोथिंबिरीच्या काड्यांबरोबर वीस मिनिटं उकळायची आणि ते पाणी साध्या पाण्याऐवजी सूपात वापरायचं, मटाराचा गोड वास उतरतो. टरफलाच्या आतला पापुद्रा चावत नाही म्हणून तेवढं गाळणं माफ. आणि गाळलेलं आमच्या म्हशीला जातं, टाकून दिलं जात नाही.

मिक्सरबद्दल एक सावध करते. दोन वर्षांपूर्वी पाहुणे यायचे म्हणून मी गरम गरम सूप भांड्यात गळ्यापर्यंत भरून मिक्सर लावला. वाफेने झाकण जे उडालं ते सूप छताला, भिंतीवरच्या कॅलेंडरला आणि माझ्या मनगटाला. मनगटावर अजून डाग आहे आणि छतावरचा पिवळा ठिपका आमचे हे पाहुण्यांना मुद्दाम दाखवतात. मिक्सर लावायचाच तर आधी कोमट होऊ द्या, भांडं निम्म्याच्या वर भरू नका आणि झाकणावर फडकं धरा. पण मी म्हणते रवी असताना लावायचाच कशाला.

दुसरी एक गोष्ट पुरवणीत यायला पाहिजे होती ती आली नाही. असं सूप सगळ्यांना चालतं असं नाही. माझ्या धाकट्या दीरांना किडनीचा त्रास आहे, त्यांचं पोटॅशियम वाढतं, तर डॉक्टरांनी त्यांना भाज्या उकडून ते पाणी फेकून मग करायला सांगितलंय कारण पोटॅशियम पाण्यात उतरतं. म्हणजे इतरांसाठी जे सूपाचं बळ तेच त्यांना बाधणार. आणि ज्यांना मुतखडे होतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पालक कमी करायला सांगतात. नुसतं "थंडीत रोज प्या" असं मोठ्या टायपात छापण्याआधी दोन ओळी याच्या टाकल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता मूळ दुखणं. ब्रोकोलीला माझा विरोध नाही, आमच्या भागात काही जण लावतातही. पण ज्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत ब्रोकोलीचं सूप आलं त्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या शेतात फ्लॉवरवर रोटाव्हेटर फिरवला, कारण काढणीची मजुरी आणि गाडीभाडं धरलं तर मार्केटला नेणं परवडत नव्हतं. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या रस्त्यावर टाकून दिलेल्या आम्ही कितीतरी हिवाळ्यांत बघितल्यात आणि त्याचे फोटो तुमच्याच पेपरात येतात. एका पानावर फेकलेली कोबी आणि पुरवणीच्या पानावर "सेलरी नसल्यास मोठ्या मॉलमध्ये पाहा". आत्ता याच दिवसांत गाजर, मटार, पावटा, फ्लॉवर, पालक, टोमॅटो सगळं एकदम येतं आणि स्वस्त असतं, सूपाला यापेक्षा चांगला मोसम वर्षात दुसरा नाही, मग रेसिपी याच भाज्यांची का नको?

आणि आता भोगी येतेय. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची ती भोगीची भाजी बघा ना, गाजर, पावटा, वांगं, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे, शेंगदाणे, तिळाचं कूट, कुठं बोरं आणि ऊसही घालतात, आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. जुन्या लोकांनी थंडीला जे जे रानात असतं ते सगळं एका पातेल्यात घातलं होतं. भोगीला भाजी मुद्दाम जास्त करते मी, उरते, मग दुसऱ्या दिवशी रात्री त्यात दोन पेले पाणी आणि ताजं आलं घालून उकळी आणते, एक लिंबू पिळते, बाजरीची शिळी भाकरी त्यात कुस्करते. वांगं विरघळून जातं आणि तिळाच्या कुटाने काय दाट होतं सांगू. पुण्याला असलेली माझी सून म्हणते आई हे रेस्टॉरंटमध्ये वाडग्यात घालून दिलं तर लोक चारशे रुपये देतील. तिला मी म्हणलं आधी तू घरी करून नवऱ्याला दे. तर गेल्या हिवाळ्यापासून करते ती, ऑफिसला डब्यात नेते, व्हाट्सॅपवर फोटो पाठवते. फक्त ती अजून कॉर्नफ्लॉवर घालते असा मला संशय आहे कारण फोटोत सूप फार चकचकीत दिसतं.

फ्रिजबद्दल तिने विचारलं होतं तेही लिहून टाकते, बऱ्याच नोकरीवाल्या बायकांचा हाच प्रश्न असतो. केलेलं सूप दोन तासांच्या आत गार करून फ्रिजमध्ये ठेवायचं, दोन दिवस चांगलं राहतं, लिंबू आणि पात मात्र घालायची नाही, ती गरम केल्यावर. लागेल तेवढंच काढून नीट उकळायचं, सगळं पातेलं रोज रोज गरम करत बसायचं नाही. बाजरी घातलेलं सूप दुसऱ्या दिवशी पिठल्यासारखं घट्ट होतं, घाबरू नका, गरम पाणी घालून हलवलं की परत सूप.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की भोगीच्या आठवड्यातल्या पुरवणीत गाळणीशिवायचं एक सूप छापा, माझं नको, माडगं छापा, शेंगोळ्या छापा, मराठवाड्यातलं-खानदेशातलं काही असेल ते छापा, वाचक पाठवतील तुम्हाला ढिगाने. आणि पहिल्या पानावर कुंदेवाडीच्या पाऱ्याचा जो चौकोन असतो त्याच्याखाली दोन ओळींची जागा काढून आज मार्केटला कुठली भाजी मातीमोल गेली तेवढं टाकत जा. बाया बरोबर ओळखतील संध्याकाळी काय शिजवायचं ते.

आपली,
एक नियमित वाचक
निफाड तालुका, जि. नाशिक

ता. क. थर्मासमध्ये सूप भरायचं असेल तर आधी थर्मास उकळत्या पाण्याने पाच मिनिटं भरून ठेवा, ते पाणी ओता आणि मग सूप भरा. बागेत सहा वाजता शेवटचा पेला ओतला तरी वाफ निघते. आणि त्यात मटार अख्खे जाऊ देऊ नका, तोटीत अडकतात, आमच्याकडे याच्यावरून भांडण झालेलं आहे.